‘तो माझ्याकडे बघत होता, पण मी त्याला दिसत नव्हते’

एका तालुक्याच्या गावातून एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश देते.

साडेपाच वर्षांच्या मुलाला पावसाळ्यात न्यूमोनिया झाला. त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी हलवावं लागलं आणि तिथल्या पीआयसीयूत, म्हणजे मुलांच्या अतिदक्षता विभागात, तो ६ दिवस व्हेंटिलेटरवर होता. नळी काढल्यावर दोन दिवस तो ‘अगदी शांत’ होता, छताकडे टक लावून पडून राहायचा. आईने सिस्टरना सांगितलं, ‘हा माझा मुलगा वाटत नाही.’ उत्तर मिळालं, ‘शांत आहे, चांगलंच आहे की.’ तिसऱ्या रात्री तो ओरडत उठला, भिंतीवर मुंग्या आहेत म्हणाला, सलाईन उपटलं आणि आई जवळ गेली तर ‘तू माझी आई नाहीस’ म्हणून तिलाच ढकललं. त्याचे हात बांधावे लागले. त्या कागदावर सही आईनेच केली.

घरी येऊन ५ आठवडे झाले. मुलगा रात्री दचकून उठतो, अंथरूण ओलं करतो, आईला सोडत नाही, शाळेचं नाव काढलं की रडतो. सासूबाई म्हणतात, बाहेरचं काहीतरी लागलंय, देवऋषीला दाखवू. नवरा म्हणतो, औषधांनी पोराचं डोकं बिघडवलं, तक्रार करू. हॉस्पिटलचा विषय त्याच्यासमोर काढायचा नाही, यावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे. त्यातच त्याच्या जांघेत हर्निया निघाला आहे आणि दिवाळीच्या सुट्टीत ऑपरेशन करा असं सर्जननी सांगितलं आहे. आई विचारते: ‘तो वेडा झाला होता का? पुन्हा भूल दिली तर परत तसाच होईल का, कायमचा? तो दहा वर्षांचा होईपर्यंत ऑपरेशन थांबवलं तर चालेल का?’

ताई,

पत्रातलं एक वाक्य आधी घेते. ‘हा माझा मुलगा वाटत नाही,’ असं तुम्ही सिस्टरना म्हणालात. तुमचं बरोबर होतं. त्या दिवशी त्या खोलीत सगळ्यांत अचूक निरीक्षण तुमचं होतं. त्याला वैद्यकीय नाव आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही, इतकंच.

ते नाव आहे डेलिरियम. गंभीर आजारात मेंदूचं काम काही काळ विस्कळीत होतं. लक्ष टिकत नाही, आपण कुठे आहोत ते कळत नाही, ओळखीचा चेहरा अनोळखी वाटतो, नसलेल्या गोष्टी दिसतात, दिवस आणि रात्र यांची अदलाबदल होते. शिवाय हे सगळं तासागणिक बदलतं. सकाळी मूल नीट बोलतं आणि संध्याकाळी त्याच मुलाला आई ओळखू येत नाही. म्हातारं माणूस तापात बरळायला लागलं की ‘वात झाला’ म्हणायचे, ते पुष्कळदा हेच असायचं. मुलांनाही हे होतं, अगदी तान्ह्या बाळांनाही होतं, पण खुद्द डॉक्टरांनी ते गांभीर्याने मोजायला सुरुवात केली ती गेल्या पंधरा-वीस वर्षांत. २०१७ साली वेगवेगळ्या देशांतल्या पीआयसीयूंची एक पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात साधारण चारपैकी एका मुलात डेलिरियम सापडला. दोन वर्षांखालची बाळं, व्हेंटिलेटरवरची मुलं, मुळात वाढीत मागे असलेली मुलं आणि पाच-सहा दिवसांहून जास्त मुक्काम झालेली मुलं यांच्यात त्याचं प्रमाण आणखी जास्त असतं. म्हणजे तुमच्या मुलाच्या वाट्याला आलं ते विरळा किंवा विचित्र काही नव्हतं.

‘तो वेडा झाला होता का?’ नाही. हा मानसिक आजार नाही, आणि मुलाच्या स्वभावाशीही त्याचा संबंध नाही. मूत्रपिंडावर ताण आला की लघवी कमी होते, फुप्फुसावर ताण आला की धाप लागते, तसा मेंदूवर ताण आला की डेलिरियम होतो. ऑक्सिजन कमी पडणं, जंतुसंसर्गाची शरीरभर पसरलेली दाहक प्रतिक्रिया, ताप, साखर किंवा सोडियमची गडबड, वेदना, तुटलेली झोप आणि गुंगीची औषधं, यांतली तीन-चार कारणं एकत्र येतात. मूळ आजार आटोक्यात आला, औषधं कमी झाली, झोप लागू लागली की बहुतेक मुलांचा मेंदू काही दिवसांत ताळ्यावर येतो. तुमचा मुलगा आज तुम्हाला ओळखतो, घट्ट धरून ठेवतो, शाळा नको म्हणून हट्ट करतो. डेलिरियममधल्या मुलाला यातलं काही जमत नाही.

‘तू माझी आई नाहीस’ हे तुम्हाला किती लागलं असेल, ते पत्रात दोनदा आलंय त्यावरून कळतं. पण त्याने तुम्हाला नाकारलं नव्हतं. समोरचा चेहरा कुणाचा, हे मेंदूला त्या रात्री लावता येत नव्हतं आणि त्याच्या लेखी कुणी परकी बाई त्याला धरायला येत होती. तो भीतीने ढकलत होता. आई हवी होती म्हणूनच ढकलत होता, असंही मी म्हणेन.

आता त्या ‘शांत’ दोन दिवसांबद्दल. तुम्ही लिहिलंय, आधी शांत होता आणि मग तिसऱ्या रात्री बिघडला. माझ्या मते तो तिसऱ्या रात्री बिघडला नाही, तो आधीपासूनच डेलिरियममध्ये होता. डेलिरियमचा एक प्रकार आरडाओरड्याचा, हातपाय झाडण्याचा असतो. तो सगळ्यांना दिसतो. दुसरा प्रकार निपचित पडून राहण्याचा. मूल डोळे उघडे ठेवून पडतं, नजर मिळवत नाही, हाक मारली तर फार उशिरा वळतं, आवडती गोष्ट पुढे केली तरी हात पुढे करत नाही. हे मूल कुणाला त्रास देत नाही, म्हणून ते नजरेतून सुटतं. आणि पुष्कळ मुलं तुमच्या मुलासारखी या दोन्हींमध्ये येत-जात राहतात.

हे निसटू नये म्हणून काय केलं गेलं तेही सांगते. भुलीतून उठताना होणारा डेलिरियम मोजण्यासाठी २००४ साली पाच प्रश्नांची एक मोजपट्टी तयार झाली होती: मूल सांभाळणाऱ्याच्या नजरेला नजर देतं का, त्याच्या हालचालींना काही हेतू दिसतो का, आजूबाजूचं भान आहे का, अस्वस्थ आहे का, समजूत घालूनही शांत होत नाही असं आहे का. पीआयसीयूत ती अपुरी पडते हे लक्षात आल्यावर न्यूयॉर्कच्या कॉर्नेल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी तिच्यात तीन प्रश्नांची भर घातली: मूल आपल्याला काय हवं-नको ते कळवतं का, जागं असताना नेहमीपेक्षा फार कमी हालतंय का, प्रतिसाद द्यायला फार वेळ लावतंय का. ही भर मुख्यतः निपचित पडलेल्या मुलांसाठी होती. २०१४ पासून ही आठ प्रश्नांची कॉर्नेल मोजपट्टी अनेक देशांत वापरली जाते. नर्स प्रत्येक पाळीत दोन-तीन मिनिटांत ती भरू शकते. एकूण ३२ पैकी ९ किंवा जास्त गुण झाले, तर डेलिरियमचा विचार करून कारण शोधायचं. त्यासाठी ना कुठलं यंत्र लागतं, ना रक्ततपासणी.

आज ज्यांचं मूल पीआयसीयूत आहे अशा कुणी हे वाचत असाल, तर हे आठ प्रश्न लक्षात ठेवा. ‘बरं वाटत नाहीये’, ‘वेगळाच वागतोय’ असं मोघम बोललं तर गडबडीच्या वॉर्डात ते हवेत विरतं. ‘कालपर्यंत माझ्याकडे बघायची, आज सकाळपासून नजर देत नाही,’ किंवा ‘पाणी हवं असलं की बोट दाखवायचा, आता काहीच मागत नाही,’ असं सांगा आणि पुढे थेट विचारा, ‘हा डेलिरियम असू शकेल का? त्याचं कारण काय असेल?’ मूल मुळात कसं आहे हे फक्त घरच्यांना ठाऊक असतं, त्यामुळे ही माहिती तुमच्याशिवाय कुणी देऊ शकत नाही. मूल जन्मापासून बोलत नसेल, ऐकू कमी येत असेल, वाढ हळू असेल, तर त्याची नेहमीची तऱ्हा काय हे पहिल्याच दिवशी सिस्टरना लिहून द्या.

जवळ बसायला मिळावं म्हणून जरूर विनंती करा. आपल्याकडे अनेक पीआयसीयूंत सकाळ-संध्याकाळ दहा-पंधरा मिनिटंच आत सोडतात. संसर्गाची आणि गर्दीची त्यांची चिंता खरी आहे, पण एका पालकाने हात धुऊन, नियम पाळून जवळ थांबणं हा डेलिरियम टाळण्याच्या उपायांचाच भाग आहे. अमेरिकेतल्या अतिदक्षता तज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली मुलांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये कुटुंबाची उपस्थिती, शक्य तितक्या लवकर हालचाल, झोप जपणं आणि मिडाझोलामसारखी गुंगीची औषधं कमीत कमी वापरणं यांवर भर आहे. डेलिरियमवर सरसकट मानसोपचाराची औषधं देऊ नयेत असंही त्या सूचना सांगतात.

भाषेचा मुद्दाही माझ्या मते फार महत्त्वाचा आहे. खेड्यातून आलेलं, घरची मराठी सोडून दुसरं काही न ऐकलेलं मूल मोठ्या शहरातल्या आयसीयूत जागं होतं, तेव्हा त्याच्या कानावर हिंदी, इंग्रजी, मल्याळम आणि यंत्रांचे आवाज पडत असतात. भान हरपलेल्या मेंदूला तिथे धरायला काहीच सापडत नाही. आत थांबता येत नसेल तर आजीचा आवाज, रोजची गोष्ट, घरचं झोपतानाचं गाणं मोबाईलवर रेकॉर्ड करून द्या आणि दिवसातून काही वेळा हळू आवाजात लावायला सांगा. चष्मा किंवा श्रवणयंत्र असेल तर ते मूल जागं असताना लावलेलं असू दे. दिवसा उजेड, रात्री अंधार आणि कमी आवाज, एवढं तरी मागता येतं. जवळ असाल तेव्हा ‘मी कोण आहे सांग बघू?’ अशी परीक्षा घेऊ नका. ‘मी आई आहे. तू हॉस्पिटलमध्ये आहेस. आता सकाळ झाली,’ असं आपणच सांगत राहायचं, पुन्हा पुन्हा, एकाच सुरात. मुंग्या दिसतात म्हणाला तर वाद घालू नका आणि ‘हो, आहेत’ असंही म्हणू नका. ‘मला नाही दिसत, पण तुला भीती वाटतेय ना, मी इथेच आहे,’ एवढं पुरतं.

आता हात बांधण्याबद्दल. तुम्ही सही केलीत याचा दोष स्वतःला लावताय. मूल सलाईन, ऑक्सिजन ओढून काढतं तेव्हा त्याच्या जिवाला धोका असतो आणि त्या क्षणी तुमच्यासमोर दुसरा पर्याय ठेवला गेला नव्हता. बांधून ठेवल्याने घाबरलेलं मूल आणखी घाबरू शकतं हेही खरं, म्हणून कारण शोधणं, वेदना कमी करणं आणि ओळखीच्या माणसाने हात धरून बसणं हे आधी करून पाहायला हवं. पण तो क्रम ठरवण्याचं काम तुमचं नव्हतं. तुम्हाला कागद दिला गेला आणि तुम्ही लेकराचा जीव वाचावा म्हणून सही केलीत.

तुमच्या यजमानांच्या रागात एक सत्य आहे. गुंगीची औषधं, विशेषतः मिडाझोलामच्या गटातली, आणि डेलिरियम यांचा संबंध अभ्यासांत वारंवार दिसलेला आहे. पण घशात नळी असलेल्या मुलाला गुंगी न देता ठेवणं क्रूरपणाचं झालं असतं आणि तेवढा गंभीर न्यूमोनिया एकटाही मेंदूला भांबावून टाकू शकतो. त्यामुळे ‘औषधांनी डोकं बिघडवलं’ हे निदान मला घाईचं वाटतं. त्यांना सांगा, तक्रारीचा विचार बाजूला ठेवायला मी सांगत नाही, पण आधी डिस्चार्ज कार्ड आणि उपचारांची नोंद मागा आणि डॉक्टरांची वेळ घेऊन शांतपणे बसा. कोणती गुंगीची औषधं किती दिवस चालली, ती हळूहळू कमी केली की एकदम थांबवली, हे विचारा. पाच दिवसांहून जास्त चाललेली अशी औषधं झटक्यात थांबली तर मुलं घामाघूम होतात, थरथरतात, चिडतात. तो त्रास डेलिरियमसारखाच दिसतो आणि त्याचा उपाय वेगळा असतो. घरी देण्यासाठी यातलं एखादं औषध कमी-कमी करत लिहून दिलं असेल तर ते मनाने बंद करू नका. हे सगळं समजल्यावरही निष्काळजी झाली असं वाटलं, तर तक्रार करण्याचा हक्क तुम्हाला आहेच.

सासूबाईंशी भांडू नका, असं मी मनापासून सांगेन. त्यांनी जे पाहिलं ते खोटं नव्हतं. नातू नातवासारखा राहिला नव्हता, हे त्यांनीही तुमच्यासारखंच ओळखलं, आणि त्यांच्या पिढीला अशा बदलाचं एकच स्पष्टीकरण मिळालेलं होतं. त्यांना दृष्ट काढायची असेल, अंगारा लावायचा असेल तर लावू द्या, मुलालाही आजीचा हात बराच वाटेल. देवऋषीकडे नेण्याला मात्र ठाम नकार द्या. नुकत्याच न्यूमोनियातून उठलेल्या फुप्फुसाला धुरी म्हणजे थेट इजा आहे, आणि आधीच हात बांधले गेलेल्या मुलाला पुन्हा कुणी अनोळखी माणसाने धरून ठेवलं तर त्याची भीती कितीतरी वाढेल. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने महाराष्ट्रात गुन्हा आहे, हेही घरात सांगून ठेवा. आणि आजींना एक खरं काम द्या. रात्री त्याच्याजवळ बसून रोज एकच गोष्ट, त्याच वेळी सांगायची. विस्कटलेली झोप रुळावर आणायला या नेमाचा मोठा उपयोग होतो.

हॉस्पिटलचा विषय काढायचा नाही, हे तुमच्या घरातलं एकमेव एकमत, आणि मला तेच सगळ्यांत जास्त खटकतं. हेतू चांगला आहे. त्याला आठवू नये, म्हणजे तो विसरेल. पण तो विसरलेला नाही, हे त्याच्या रात्री सांगताहेत. २००८ साली ब्रिटनमध्ये सात वर्षांवरच्या मुलांशी त्यांच्या आयसीयूतल्या आठवणींबद्दल बोलून एक अभ्यास झाला. सुमारे एक तृतीयांश मुलांना तिथल्या भासांच्या आठवणी होत्या, आणि अशा आठवणी असलेल्या मुलांना नंतरचा मानसिक त्रास जास्त होता. जे घडलं त्याच्यापेक्षा जे भासलं ते जास्त छळतं. तुमच्या मुलाच्या डोक्यात कदाचित भिंतीवरच्या मुंग्या आहेत, हात धरणारी परकी बाई आहे, आणि ते सगळं खरंच झालं असं तो धरून चालला आहे. त्यावर कुणी बोलत नाही म्हणजे ते बोलण्यापलीकडचं भयंकर असणार, असा अर्थ मुलं लावतात.

म्हणून त्याला त्याची हकिगत सांगा. एक चित्रकलेची वही घ्या आणि रोज एक पान करा, दिवसाच्या वेळी, झोपताना नाही. ‘तुला खोकला झाला. छातीत खूप कफ झाला. श्वास घ्यायला मशीन लावलं. नळी होती म्हणून तुला बोलता येत नव्हतं. औषधांनी आणि तापाने डोकं दमलं होतं, म्हणून तुला मुंग्या दिसल्या. त्या खऱ्या नव्हत्या. तू मला ओळखलं नाहीस, मला राग आला नाही, मी तिथेच होते.’ हात बांधल्याचंही सांगा: ‘सलाईन निघू नये म्हणून. तू काही चूक केली नव्हतीस.’ त्याने मध्येच विषय बदलला तर बदलू द्या. बाहुलीला नळी लावून खेळला तर खेळू द्या, अशा खेळातून मुलं बरंच काही मोकळं करतात. युरोपातल्या काही आयसीयूंमध्ये नर्स आणि घरचे मिळून पेशंटसाठी अशी रोजनिशी लिहितात, ती याचसाठी.

अंथरूण ओलं झालं तर रागावू नका, लाजवू नका. शाळेत एकदम पूर्ण दिवस पाठवू नका. आधी बाईंना भेटा, काय झालं ते सांगा, पहिल्या आठवड्यात तास-दीड तास बसू द्या. मोठ्या आजारातून उठलेल्या काही मुलांचं लक्ष आणि स्मरण काही महिने कमी पडतं. बाईंना ते माहीत असेल तर त्याला ‘लक्ष देत नाही’ म्हणून बोलणी बसणार नाहीत.

असा त्रास बहुतेक मुलांमध्ये हळूहळू ओसरतो. तुम्हाला ५ आठवडे झालेत, म्हणून आता नुसती वाट पाहू नका. तुमच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि बालमानसतज्ज्ञांकडे चिठ्ठी मागा. गावात सोय नसेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. पण घरी असताना मूल नव्याने भांबावलं, हाक मारून जागं होईना, आकडी आली, ताप किंवा धाप पुन्हा वाढली, तर कुठल्याही सल्ल्याची वाट न पाहता थेट दवाखाना गाठायचा.

आता ऑपरेशन. दहा वर्षांपर्यंत थांबण्याच्या विचारामागे तुमचं गृहीत असं की थांबणं सुरक्षित आहे. हर्नियाच्या बाबतीत ते तसं नाही. मुलांचा जांघेतला हर्निया आपोआप बंद होत नाही आणि एखाद्या दिवशी आतडं त्यात अडकू शकतं. मग गाठ कडक होते, दुखते, आत जात नाही, उलट्या होतात आणि ऑपरेशन घाईने करावं लागतं. तयारी नसलेलं, घाबरलेलं मूल, रात्रीची वेळ, तातडीची भूल: ज्या गोष्टी आपल्याला टाळायच्या आहेत त्या सगळ्या तिथे एकत्र येतात. दुसरीकडे, न्यूमोनियानंतर फुप्फुसांना सावरायला काही आठवडे द्यावे लागतात, म्हणून उद्याच करा असंही कुणी म्हणणार नाही. दिवाळीची सुट्टी की आणखी महिनाभर पुढे, हे सर्जन, बालरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ यांच्याशी बोलून ठरवा. चर्चा आठवड्यांची असावी, वर्षांची नाही.

‘परत तसाच होईल का?’ भुलीतून उठताना होणारा डेलिरियम हे पीआयसीयूतल्या डेलिरियमचं छोटं भावंड आहे. १९६१ साली भूलतज्ज्ञ एकेनहॉफ आणि सहकाऱ्यांनी त्याची पद्धतशीर नोंद केली, म्हणजे भूलतज्ज्ञांना तो नवा नाही. साधारण दोन ते सहा वर्षांच्या मुलांत, सेव्होफ्लुरेनसारख्या वासाच्या भुलीनंतर आणि नाक-कान-घसा किंवा डोळ्यांच्या ऑपरेशननंतर तो जास्त दिसतो. मूल उठताच रडतं, पाय झाडतं, कुणालाही ओळखत नाही, आईलाही नाही. गाढ झोपेतून अर्धवट उठवलेलं मूल जसं आपल्याकडे बघतं पण आपल्याला ऐकत नाही, तसंच. बहुतेकदा पंधरा मिनिटं ते अर्धा तास, मग मूल झोपी जातं किंवा भानावर येतं, आणि त्याला काही आठवत नाही. पीआयसीयूत डेलिरियम झाला होता म्हणून इथेही होणारच, असं नाही. झाला तरी तो तसा दिवसच्या दिवस चालत नाही. तासाभरानंतरही मूल ताळ्यावर नसेल तर ऑक्सिजन, साखर, वेदना, लघवी तुंबणं अशी कारणं डॉक्टर तपासतात.

भुलीने मेंदू कायमचा बिघडतो का, ही भीती अनेक आईवडील बोलून दाखवतात. त्यावरचा सगळ्यांत चांगला पुरावा योगायोगाने हर्नियाच्या ऑपरेशनमधूनच आला आहे. सात देशांतल्या सातशेहून अधिक तान्ह्या बाळांना, काहींना जागेपणी कमरेत इंजेक्शन देऊन तर काहींना सेव्होफ्लुरेनची पूर्ण भूल देऊन, हर्नियाचं ऑपरेशन केलं गेलं. पाच वर्षांचं झाल्यावर दोन्ही गटांचा बुद्ध्यांक सारखाच निघाला. २०१९ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ती बाळं तुमच्या मुलापेक्षा खूप लहान होती, भूल साधारण तासाभराची होती, आणि तुमच्या मुलालाही बहुधा तेवढीच लागेल.

तयारीचा फायदा मात्र नक्की आहे, कारण ऑपरेशनआधी जास्त घाबरलेली मुलं उठताना जास्त बिथरतात. ‘फिरायला जाऊ’ असं सांगून नेऊ नका. दोन-तीन दिवस आधी सांगा: ‘पोटाच्या खाली गाठ येते ना, ती डॉक्टर बरी करणार. तू झोपलेला असशील. उठशील तेव्हा मी असेन.’ हे शेवटचं वाक्य खरं ठरेल याची आधी हॉस्पिटलशी बोलून खात्री करून घ्या. यादीत सकाळचा पहिला नंबर मागा. उपाशी किती वेळ ठेवायचं ते नेमकं विचारा. खाणं आणि दूध ६ तास आधी बंद होतं, पण साधं पाणी सहसा २ तास आधीपर्यंत चालतं, आणि मध्यरात्रीपासून तहानलेलं मूल मुळातच चिडलेलं असतं. रोजची गोधडी सोबत न्या. उठल्यावर बिथरला तर हलवू नका, जाब विचारू नका, मोबाईल तोंडासमोर धरू नका. पलंगाचा कठडा लावलेला आहे आणि सलाईनचा हात सुरक्षित आहे एवढं पाहा आणि हळू आवाजात बोलत राहा.

भूल-तपासणीला जाताना जुनं डिस्चार्ज कार्ड न्या आणि एका कागदावर हे लिहून भूलतज्ज्ञांच्या हातात द्या: ‘याला न्यूमोनियासाठी ६ दिवस व्हेंटिलेटर होता. नंतर पीआयसीयूत डेलिरियमसारखी लक्षणं होती: नजर न देणं, भास, आईला न ओळखणं. गुंगीची औषधं अमुक होती. अजून रात्री दचकतो. उठताना बिथरू नये म्हणून प्रोपोफॉल किंवा डेक्समेडेटोमिडीन या औषधांचा उपयोग होईल का? दुखू नये म्हणून कमरेतून किंवा जागेवर बधिरीकरण देता येईल का? भूल देताना आणि उठताना मला जवळ थांबता येईल का?’ निर्णय ते घेतील. पण यातलं एकही वाक्य त्यांना जुन्या कागदांत शोधावं लागू नये.